हद्दीतला दहावा

पार्थ 'तुमच्याकडे' म्हणाला आणि रामहरीच्या हातातला कागदी कप हिंदकळून चहा बोटांवर आला. भाजण्याइतका गरम नव्हता, तरी तो बराच वेळ बोटं झाडत राहिला. नगरला सावेडी रस्त्यावर खासदार साहेबांचं संपर्क कार्यालय आहे, तिथली ही गोष्ट. पार्थ म्हणजे साहेबांचा पीए, पुण्यात शिकून आलेला, बोलायला गोड. मोबाईलमधून मान वर न काढता त्यानं विचारलं होतं, "तुमच्याकडे दहावा किती वाजता असतो?" आता यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे, सांगा. प्रश्न साधा, विचारणारा सभ्य. पण रामहरी त्या कार्यालयात बसायला लागला त्याला वीसेक वर्षं झाली असतील, तिथं त्याला कुणी कधी 'तुमच्याकडे' म्हणालं नव्हतं. पाऊस झाला तर तो 'आपल्याकडं' झाला, विजेची डीपी जळाली तर ती 'आपल्याकडची' जळाली. साहेब गाडीत बसता बसता विचारायचे, "रामहरी, आपल्याकडं कोण गेलं?" आणि रामहरी पुढच्या सीटवरून मान वळवून घडाघडा सांगायचा, कोण गेलं, कुठल्या गावचं, कुठल्या भावकीतलं, मागं किती मतं. 'आपण' म्हटलं की बोलणारा आणि ऐकणारा एका पंगतीला बसतात. 'तुम्ही' म्हटलं की त्यातला एक उठला. पार्थनं वाईट काहीच केलं नव्हतं, पंगतीतलं एक पान तेवढं उचललं होतं. रामहरीनं सांगितलं, सकाळी आठला. मग सुतकातला माणूस असूनही तिथंच खुर्चीवर बसून राहिला, कारण उठून जायचं म्हटलं तर कुठं जायचं हे त्याला पटकन आठवेना.

लोकसभेच्या मतदारसंघांच्या नव्या हद्दींचा मसुदा जाहीर झाला त्याच सकाळी रामहरीचा बाप सहादेव गेला. दोन्ही बातम्या एकाच मोबाईलवर आल्या. आधी धाकट्या भावाचा, मच्छिंद्रचा फोन, की तात्या गेले. रामहरी पायात चपला सरकवतोय तोवर कुणीतरी पाठवलेला नकाशा येऊन पडला. खोटं कशाला बोला, त्यानं आधी नकाशा उघडला. दोन बोटांनी ताणत ताणत पार पूर्वेला गेला, डोंगराच्या खाली, जिथं पाऊस पाय ठेवायला कचरतो आणि दिवाळी झाली की निम्मी घरं कोयते घेऊन ऊस तोडायला जातात, तिकडं. नदीची निळी रेघ होती आणि तिच्यावरूनच ओढलेली एक जाड तांबडी रेघ. नगरच्या बाजूच्या काठावर सोनदरे. ते होतं तिथंच राहिलं. समोरच्या काठावर करडवाडी, म्हणजे रामहरीचं गाव. ते शेजारच्या जिल्ह्यातल्या मतदारसंघात गेलं होतं. बाप तिकडं खाटेवर ताठ होऊन पडलाय आणि थोरला मुलगा इकडं दारात उभा राहून रेघ न्याहाळतोय, हे कुणी बघितलं नाही हे बरंच झालं. गाडीत तो रडला. शेजारी बसलेला पाठीवर हात फिरवत राहिला, म्हणाला, बापाची माया अशीच असते. रामहरीनं मान हलवली. आपण नेमके कशाला रडतोय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, आणि विचारायला कोण येणार होतं.

सरणाला अग्नी दिल्यावर माणसं पांगायच्या आधीच त्याला विचारायला लागली. मग आता आमचा खासदार कोन? तुमचं साहेब आता आमचं न्हाईत व्हय? रामहरीनं तिथं, जळत्या चितेच्या उजेडात, सगळ्यांना समजावून सांगितलं की हा नुसता मसुदा आहे, आयोग हरकती ऐकणार आहे, साहेब स्वतः हरकत घेणार आहेत आणि दहाव्याला येऊन तेच गावाला तसा शब्द देणार आहेत. बोलता बोलता त्याला स्वतःलाच खरं वाटायला लागलं. म्हणून तर सुतक गुंडाळून तो नगरला आला होता. आणि पार्थ काय म्हणाला? "हरकत कशाला? बरंच झालं की. नदीपलीकडची गावं जडच होती." जड म्हणजे मतं न देणारी. हा शब्द रामहरीनंच या कार्यालयात रुळवला होता. पुढं पार्थ असंही म्हणाला, की साहेब त्या दिवशी सोनदऱ्याला येणारच आहेत, माजी सरपंच आप्पासाहेबांच्या आईंचा दहावा आहे तिथं, तुमच्याकडे बघू. 'बघू' म्हणजे नाही, हेही पार्थला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नको. तरी माणसाची जात मोठी चिवट. गाडीनं परत जाताना रामहरी मनात हिशेब मांडत होता, की सोनदऱ्याचा घाट आणि करडवाडीचा घाट म्हणजे एकाच नदीचे दोन काठ, इकडं खाकरलं तर तिकडं ऐकू जातं. साहेब आले तर दोन दहावे एका फेरीत होतात. वीस वर्षं ज्यानं आपला दौरा आखला त्याच्यासाठी माणूस एवढी नदी ओलांडणार नाही? न ओलांडायला झालंय काय, ही काय गोदावरी आहे का, उन्हाळ्यात हिच्यात म्हैस बसली तर तिची पाठसुद्धा भिजत नाही.

नगरच्या राजकारणातलं अर्धं राजकारण दशक्रियेच्या घाटावर चालतं, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. लग्नाला नाही आलात तर लोक विसरतात, दहाव्याला नाही आलात तर नातवंडांपर्यंत लक्षात ठेवतात. रामहरीचं सगळं शहाणपण या एका गोष्टीत होतं. कुणाचा दहावा किती भरणार, माईकवर नाव कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर पुकारायचं, मयताच्या बायकोशी बोलायचं का थोरल्या मुलाशी, सगळं त्याच्या डोक्यात. आणि कावळ्याची युक्तीही त्याचीच. साहेबांना उशीर व्हायचाच, एका सकाळी पाच पाच घाट करायचे म्हणजे होणारच. मग पिंड मांडला की रामहरीचा एखादा माणूस झाडाखाली गोफण नाहीतर काठी घेऊन बसायचा आणि कावळा फिरकू द्यायचा नाही. घरची माणसं हात जोडून उभी, पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून कासावीस. आई, तुझ्या नातीचं लग्न थाटात करू. बाबा, भावाभावांत भांडणार नाही. शिवत नाही म्हणजे नाही. मग साहेबांची गाडी धुरळा उडवत यायची, साहेब पिंडापुढं डोकं टेकायचे, गोफणवाला हळूच बाजूला व्हायचा आणि उपाशी कावळे झडप घालायचे. माणसं गहिवरायची, साहेबांत जीव अडकला होता म्हणायची. पुढं ती गोष्ट पंचक्रोशीत सांगितली जायची. रामहरीला यात कधी पाप वाटलं नाही. उलट एकदा एका म्हातारीनं साहेबांच्या पायावर लोळण घेतली तेव्हा त्याचेही डोळे भरून आले होते. आपण रचलेल्या गोष्टीवर आपलाच विश्वास बसायला लागला की माणूस कामातून गेला म्हणून समजा, पण तोवर ते त्याला कळत नसतं.

सहादेवला हे काही ठाऊक नव्हतं, नाहीतर त्यानं पोराला जोड्यानं मारलं असतं. म्हातारा सरळ होता. जन्मभर त्याची एकच कटकट, नदीवर पूल करा. बैलगाडी वाळूत रुतून त्याचा एक बैल त्या नदीत गेला होता तेव्हापासून. रामहरी सणासुदीला गावी आला की बाप तंबाखू मळत विचारायचा, सांगितलंस का रं साहेबाला? आणि रामहरी म्हणायचा, सांगितलंय, होतंय. सांगितलं नव्हतं. जड गावासाठी पूल मागायचा म्हणजे आपलीच किंमत कमी करून घ्यायची. आता तर पुलाचा प्रश्नच मिटला. एक काठ एका खासदाराचा, दुसरा दुसऱ्याचा, मधला पूल कोण बांधणार? दहाव्याच्या सकाळी वाळूत बसून न्हाव्यापुढं डोकं वाकवताना रामहरीच्या मनात हेच चाललं होतं. पार्थ असंच उत्तर देईल, हसत हसत. न्हावी डोक्यावरून वस्तरा फिरवत होता आणि पिकलेले केस भिजल्या वाळूत पडत होते. मिशी काढताना त्यानं क्षणभर हात आवरला, विचारलं, मिशीबी काढायची ना? साहेबांच्या प्रत्येक फोटोत त्यांच्या मागं उभी असलेली ती मिशी, पेपरवाले तिलाच ओळखायचे. बापासाठी काढायलाच पाहिजे होती. वस्तरा फिरला आणि वरच्या ओठाला वारा लागला तसं रामहरीला आपण भर घाटावर उघडे झालो असं वाटलं. शेजारी मच्छिंद्रही तसाच, पंचा गुंडाळलेला, तुळतुळीत. दोघा भावांकडं बघून कुणीतरी म्हणालं, आता थोरला कोन आन् धाकला कोन, वळखू येईना. मच्छिंद्र हसला. रामहरीला हसू आलं नाही.

पिंड मांडला. गुरुजींचे मंत्र संपले. चुलतभाऊ वाल्मिक आधीच बाभळीखाली गोफण घेऊन बसला होता, काल संध्याकाळीच रामहरीनं त्याला समजावून ठेवलं होतं. कावळे आले होते, पाच-सहा तरी असतील, पण वाल्मिकचा हात उठला की उडून पलीकडच्या बाभळीवर बसायचे. ऊन चढायला लागलं. मच्छिंद्र हात जोडून म्हणाला, तात्या, माय माझ्याकडंच राहील, काळजी सोडा. शिवला नाही. रामहरीच्या आईच्या, भीमाबाईच्या भावानं पुढं होऊन सांगितलं, दाजी, पूल व्हईल, आमी बघतो. मागं कुणाला तरी हसू फुटलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. रामहरी पिंडाकडं बघतच नव्हता, त्याचे डोळे समोरच्या काठावर. तिथं मंडप होता, खुर्च्या, भोंगा, गाड्यांची रांग. इकडं सतरंजी आणि उसनं आणलेलं एक ताडपत्रीचं छप्पर, तेही गुरुजींच्या डोक्यावर. माणसं चुळबुळ करायला लागली. कुणाला टेम्पो गाठायचा होता, कुणाच्या म्हशी दावणीला तशाच होत्या. भीमाबाई उघड्या वाळूत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, कावळा शिवल्याशिवाय घेणार नाही म्हणाली होती. तिचे ओठ कोरडे पडलेले रामहरीला दिसत होते. दिसत होते आणि तरी त्याच्या मनात येत होतं, अजून जरा, अजून दहा मिनिटं, माय काही आजची उन्हात बसलेली नाही, जन्मभर बसलीय. उसाच्या फडात बसलीय. मनात आलेल्या या वाक्याची त्याला लाज वाटली नाही, उलट ते बरोबर आहे असंच वाटलं.

आणि मग समोरचा भोंगा खरखरला. साहेबांचं आगमन झालेलं आहे, सर्वांनी शांतता राखावी. ओळखीचं वाक्य, रामहरीच्याच घडणीचं, पण आवाज दुसऱ्याचा. गाडीचं दार उघडलं, पांढरे कपडे उतरले, माणसं उठून उभी राहिली. इकडच्या काठावरची माणसंही उठली, सवयीनं, आणि मग उगाच उठलो असं वाटून एकेक करून परत बसली. साहेबांचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. आपल्या भागाची माउली गेली, म्हणत होते. आपण सगळे पोरके झालो. रामहरीला वाटलं, भाषण संपलं की ते इकडं बघतील, हात करतील, गाडी खालच्या उतारावरून घालतील. उतार त्यांना ठाऊक आहे, मागच्या निवडणुकीत तिथूनच आले होते. भाषण संपलं. साहेबांनी इकडं बघितलं नाही. इकडं बघण्यासारखं काही आहे असं त्या काठावर कुणालाच वाटत नव्हतं. इकडची शंभर-दीडशे माणसं, उसनं छप्पर, पिंड, म्हातारी, सगळं असून नसल्यासारखं. वाल्मिकनं पुन्हा गोफण फिरवली, कावळे उडाले, आणि भीमाबाईनं मान वळवून बाभळीकडं बघितलं. बराच वेळ बघत राहिली. शहाणी बाई होती, अक्षर येत नसलं म्हणून काय झालं.

"रामा," ती म्हणाली, "कावळं हाकायला मानूस बसवलाय व्हय तू?"

जवळच्या दहावीस जणांनी ऐकलं. मच्छिंद्रनं ऐकलं. तो भावाकडं बघायला लागला, आणि त्या बघण्यात राग येण्याच्या आधीचं जे असतं ते होतं, माणसाला कळेनासं होतं ते. रामहरीनं खाली वाकून आईला हळू आवाजात सांगितलं, की साहेब आलेत, समोरच आहेत, दोन मिनिटं थांब, मी बोलावून आणतो, तात्याचं सोनं होईल.

"त्याचं सोनं का करतू? त्याला जाऊ दे." मग तिनं पदर पुढं ओढला आणि पुतळ्यागत समोर बघत म्हणाली, "तुला तिकडंच जायचं आसंल तर तू जा."

खरं तर ही रजा नव्हती, शिवी होती. सगळ्या घाटाला कळलं. रामहरीलाही कळलं असावं, पण माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो. तो उठला. मच्छिंद्र म्हणाला, दादा, पिंडाला तू पाहिजेस, थोरला तू हायस. रामहरी म्हणाला, आलोच. आणि पंचा गुडघ्यावर खोचून नदीत उतरला. वाळू काढलेल्या जागी अचानक मांडीपर्यंत पाणी लागलं, तो कोलमडला, सावरला. पाणी गार होतं आणि त्याच्या डोक्यावर ऊन तापत होतं, केस नसलेल्या डोक्याला ऊन असं लागतं हे त्याला आजवर माहीत नव्हतं. मनात तो वाक्यं जुळवत होता. साहेब, वडील गेले. नको, ते त्यांना ठाऊक आहे. साहेब, एवढं पाच मिनिटं. साहेब, माणसं बसलीत. वीस वर्षांत त्यानं दुसऱ्यांसाठी साहेबांपुढं किती वाक्यं टाकली असतील, सगळी नीट पडलेली. स्वतःसाठी एक सुचेना. मध्यावर आला तेव्हा त्याच्या डोक्यात भलतंच आलं, की ती तांबडी रेघ इथूनच कुठून तरी जात असणार, आता पायाखाली असेल, आता मागं पडली असेल. समोरच्या काठाला हात टेकून वर चढला तेव्हा त्याला खरोखर हलकं वाटलं. सांगायला लाज वाटावी इतकं हलकं.

वर गर्दी होती. साहेब निघण्याच्या तयारीत, घरच्यांना भेटायचं तेवढं राहिलं होतं. पार्थच्या हाताखालचा कुणीतरी कार्यकर्ता ओरडून जागा करत होता, घरचे इकडं, घरचे एका ओळीत उभे राहा. आप्पासाहेब आणि त्याचे तीन भाऊ, चौघंही गोटे केलेले, पंचे नेसलेले, उभे होते. ओला पंचा आणि गोटा बघून त्या कार्यकर्त्यानं रामहरीच्या दंडाला धरलं आणि त्याला ओळीच्या टोकाला उभं केलं. आप्पासाहेबानं वळून बघितलं. ओळखलं. परत पुढं बघायला लागला. रामहरीला म्हणायचं होतं, अहो, मी नाही, मी समोरचा. तोंड उघडलंही. पण साहेब आले होते. एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत, एकेक वाक्य टाकत, तेच हात, तोच अत्तराचा वास, मनगटावर तीच देवाची दोरी जी रामहरीनंच शिर्डीहून आणली होती. मागं पार्थ मोबाईल उंच धरून फोटो काढत होता. साहेब त्याच्यापुढं थांबले. रामहरीच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, चांगलं क्षणभर बघितलं. न ओळखून तसं बघितलं का ओळखून, हे रामहरीला त्या वेळी कळलं नाही आणि पुढंही कधी कळायचं नव्हतं. साहेबांनी दोन्ही हात त्याच्या उघड्या खांद्यांवर ठेवले. हात ऊबदार होते.

"आई गेल्या, फार वाईट झालं," साहेब म्हणाले. "फार कष्टाचा जीव होता, असं ऐकलं."

आप्पासाहेब जमिनीकडं बघत होता. पार्थचा मोबाईल रामहरीवर रोखलेला होता. समोरच्या काठावर, साहेबांच्या खांद्यावरून दिसत होतं, माणसं उठून जायला लागली होती, वाल्मिक गोफण टाकून उभा होता आणि कावळा शिवलाच नाही म्हणून मच्छिंद्र एकटाच पिंडापाशी दर्भाचा कावळा करत बसला होता. भीमाबाई हलली नव्हती. एक हात कपाळावर आडवा धरून ती इकडंच बघत होती.

"व्हय साहेब," रामहरी म्हणाला, आणि त्याला खरंच हुंदका आला. "लई कष्टाळू हुती माय."